दुसरी प्रत

१८१२ च्या नोव्हेंबरात ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून मुंबईला यायला निघाली. तिच्यावर लेफ्टनंट जनरल सर थॉमस हिस्लॉप हे बडे प्रवासी होते. मुंबईच्या गोदीत ‘कॉर्नवॉलिस’ नावाचं चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज बांधलं जात होतं, त्याच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रेही तिच्यावर होते. शिवाय कागदांची एक गुंडाळी होती. मुंबईत बांधायच्या एका नव्या फ्रिगेटचे ते आराखडे होते. त्या जहाजाचा हुकूम ३० ऑक्टोबर १८१२ रोजी, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुटला होता.

गुंडाळी मुंबईला पोचली नाही. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटशी पडली. काही तासांच्या लढाईत ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान हेन्री लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि जहाजाने शरणागती पत्करली. ते दुरुस्तीपलीकडे गेलं होतं, म्हणून काही दिवसांत अमेरिकनांनीच ते पेटवून दिलं. हिस्लॉप वाचले. पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढले ते हेच हिस्लॉप. नागपूरच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे ते वेगळे. तांबं आणि आराखडे मात्र गेले.

इंग्लंडमध्ये नौदलाकडे त्या आराखड्यांची मूळ प्रत होती. तिच्यावरून नव्याने नक्कल काढून ती मुंबईला पाठवण्यात आली. एप्रिल १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी जहाजाचा कणा घातला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. मलबारच्या सागवानाचं ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. त्याचं नाव ‘ट्रिंकोमाली’. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथे उभं आहे आणि पाण्यावर तरंगणारं ब्रिटनचं सर्वांत जुनं लढाऊ जहाज म्हणून ओळखलं जातं. दुसरी प्रत होती म्हणून ते बांधता आलं.

जहाजांच्या जुन्या ड्रॉइंगांचं जतन हा या प्रकरणाचा विषय आहे आणि त्यातला पहिला धडा या प्रसंगात आहे. कागद आज ना उद्या जातो. तो कुठल्या कारणाने जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून नक्कल आधीच करून ठेवावी लागते, आणि ती मूळ कागदापासून दूर ठेवावी लागते. स्कॅनर आणि हार्ड डिस्क ही याच जुन्या उपायाची आजची साधनं आहेत. पण नक्कल करताना काय उतरतं आणि काय सुटतं, हे पाहिल्याशिवाय त्या साधनांची किंमत ठरवता येत नाही.

‘ट्रिंकोमाली’चे आराखडे स्वतःच एका नकलेची नक्कल होते. १७८२ साली ब्रिटिशांनी ‘एब’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. जाक-नोएल साने या नामवंत फ्रेंच आरेखकाची ती रचना. ब्रिटिश नौदलाने ती गोदीत घेऊन तिचा आकार फुटाफुटाने मोजला आणि कागदावर उतरवला. त्या कागदावरून पुढे ‘लीडा’ वर्गातल्या डझनावारी फ्रिगेटी बांधल्या गेल्या. एका फ्रेंच माणसाच्या डोक्यातला आकार असा ब्रिटिश कागदावरून मुंबईच्या सागवानात आला. तळाच्या एखाद्या वळणासाठी आपण कुणाचं देणं लागतो, हे वाडियांच्या कारागिरांना कळायचं कारण नव्हतं. आपल्याला ते कळतं, कारण कागद उरले आहेत.

त्या काळच्या अशा एका कागदावर जहाज तीन बाजूंनी दाखवलेलं असतं. वर लांबीचं दृश्य: तोफांची भोकं, डेक, डोलकाठ्यांच्या जागा. त्याखाली वरून पाहिलेलं अर्ध्या रुंदीचं दृश्य. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे अर्धंच पुरतं. तिसरं दृश्य छेदांचं. काकडीचे आडवे काप करावेत तसे जहाजाचे काप कल्पून त्यांच्या कडा एकाच चौकटीत काढतात, मधल्या रेषेच्या एका बाजूला पुढच्या भागाच्या, दुसरीकडे मागच्या. तिन्ही दृश्यांतली प्रत्येक रेषा बाकी दोघींशी जुळावी लागते. ब्रिटिश नौदलात रूढ प्रमाण पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८ होतं. दीडशे फुटांची ‘ट्रिंकोमाली’ या प्रमाणात साधारण ९५ सेंटिमीटर भरते. बांधणीच्या वेळी हा आकार मोठ्या फरशीवर पूर्ण मापात काढायचा, त्यावरून लाकडी साचे कापायचे आणि साच्यावरून फासळ्या. कागदावर केसभर चुकलं की फरशीवर ती चूक अठ्ठेचाळीस पट होऊन उतरे.

असे कागद सांभाळणाऱ्या जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. तिथे जहाजांचे सुमारे दहा लाख आराखडे आहेत. त्यातला बराच भाग वूलिचमधल्या एका जुन्या इमारतीत ठेवला गेला. ही इमारत १७१७ सालच्या सुमाराची, तोफा ओतण्याच्या कारखान्याची. याच संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्रही आहे, हातात कंपास आणि जहाजाचा आराखडा घेतलेलं. मुंबईच्या ज्या माणसाने ते कागद वाचून जहाज उभं केलं, त्याची आठवण आराखड्यांच्याच घरी राहिली, याचं मला फार समाधान वाटतं. अमेरिकेत नौदलाच्या जहाजखात्याची ड्रॉइंगं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कॉलेज पार्क इथल्या शाखेत आहेत. डेन्मार्क आणि स्वीडननेही आपल्या आरमारांचे जुने आराखडे निगुतीने राखले आहेत.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर होड्या-गलबतं बांधणारे सुतार नजरेने आणि हाताच्या सवयीने काम करत आले. बापाकडून मुलाकडे गेलेली ती विद्या कागदावर उतरली नाही. म्हणून मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबतं कशी होती, हे सांगताना आपल्याला मुख्यतः लेखी वर्णनांचा आणि चित्रांचा आधार घ्यावा लागतो. फासळीचा बाक किती, तळ किती पसरट, वारा कापताना जहाज किती कलत असेल, हे मोजून सांगता येईल असा कागद हाती नाही. ग्रिनिचमधल्या एका शीटची किंमत ही उणीव जाणवली की कळते.

आता कागदाकडे वळू. ‘ड्रॉइंग’ असा एकच शब्द आपण वापरतो, पण जतन करणाऱ्याच्या टेबलावर येणाऱ्या वस्तू एकमेकींपासून इतक्या निराळ्या असतात की एकीवरचा उपाय दुसरीचा घात करतो.

अठराव्या शतकातली शीटं चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या जाड कागदावरची आहेत. हा कागद चिवट असतो. त्याला धोका शाईचा. लोखंड आणि मायफळ यांची जुनी शाई आम्लधर्मी असते. ती कागद खात जाते आणि जिथे रेघ जाड आहे तिथे शेवटी चीर पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी, वाफेवरची जहाजं आली आणि एका जहाजामागे ड्रॉइंगांची संख्या काही शीटांवरून शेकड्यांवर, पुढे हजारांवर गेली. बॉयलर, नळ, झडपा, वायुवीजन, दारूगोळ्याची कोठारं, प्रत्येकाची स्वतंत्र ड्रॉइंगं. एवढ्या नकला हाताने काढणं शक्य नव्हतं. त्यासाठी ट्रेसिंग कापड आलं. बारीक विणीच्या सुती किंवा तागाच्या कापडाला खळ देऊन ते घोटून अर्धपारदर्शक करत. ड्राफ्ट्समन त्यावर शाईने गिरवी आणि त्या एका ट्रेसिंगवरून हव्या तितक्या प्रती काढता येत.

हे कापड फार टिकाऊ, फक्त पाण्याचा थेंब त्याला सोसत नाही. थेंब पडला की खळ विरघळते, तिथे पांढरा डाग उठतो आणि कापड आखडतं. जुन्या ड्रॉइंग ऑफिसांतल्या लोकांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते: रद्द झालेली ट्रेसिंगं घरी नेऊन धुतली की खळ आणि शाई निघून जाई, उरलेल्या मऊसूत कापडाचे रुमाल शिवले जात. किती जहाजांचे आराखडे असे संपले असतील, याची गणती कुठेच नाही. दमट हवेत खळीला बुरशी धरते आणि कसर लागते ती वेगळीच. मुंबईसारख्या गावात, पावसाळ्याचे चार महिने हवेत पाणी भरलेलं असताना, ट्रेसिंग कापडाची गुंडाळी उघड्या फळीवर ठेवणं म्हणजे तिचा निरोप घेणं.

ट्रेसिंगवरून निघणारी प्रत म्हणजे ब्ल्यूप्रिंट. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधलेल्या क्रियेवर ती उभी आहे. लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर उजेड पडला की प्रशियन निळा रंग तयार होतो. ट्रेसिंगवरच्या शाईने जिथे उजेड अडवला तिथे कागद धुतल्यावर पांढरा राहतो. या निळ्याचा स्वभाव चमत्कारिक आहे. उजेडात तो फिका पडतो, पण काही काळ अंधारात ठेवला तर बराचसा परत येतो. अल्कलीपुढे मात्र तो टिकत नाही, पिवळट तपकिरी होऊन जातो. जुने कागद आम्लामुळे कुजतात, म्हणून अभिलेखागारांत वापरायच्या चांगल्या फोल्डरांमध्ये मुद्दाम थोडा चुना मिसळलेला असतो. इतर कागदांना तारणारा हाच फोल्डर ब्ल्यूप्रिंटला मारतो. तिला चुना नसलेला, उदासीन कागदच लागतो.

त्यानंतरची पिढी आपल्या ओळखीची आहे. सरकारी आणि खासगी इंजिनिअरिंग कचेऱ्यांत ज्याला अमोनिया प्रिंट म्हणत, तो डायझो प्रिंट. निळसर किंवा जांभळट रेघांचा, नाकाला झोंबणारा. त्यातली उरलेली रसायनं शेजारच्या कागदांनाही पिवळं करतात. त्याला ब्ल्यूप्रिंटपासून आणि मूळ ट्रेसिंगपासून वेगळ्या खणात ठेवावं लागतं. प्रत्यक्षात जुन्या फायलींमध्ये एका जहाजाचं सगळं एकत्र बांधलेलं सापडतं, कारण काम करणाऱ्याला ते एकत्र हवं असे. ते सोडवून, प्रकारानुसार वेगळं करून, तरीही कुठला कागद कुणाच्या शेजारी होता याची नोंद ठेवणं हे जतनातलं सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाचं काम आहे, असं मी मानतो.

गुंडाळ्या उघडण्यालाही रीत आहे. पन्नास-साठ वर्षं गुंडाळलेला कागद ओढून सपाट केला तर तडकतो. त्याला आधी मोजून ओलसर हवा देतात, मग टीपकागदांमध्ये वजनाखाली हळूहळू पसरतात. ट्रेसिंग कापडाच्या बाबतीत ओलावा जपूनच द्यावा लागतो. फाटलेल्या कडा मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ लावून सांधतात. पूर्वी कुणी हौसेने चिकटपट्टी लावलेली असेल तर तिचा तपकिरी डाग काढण्यातच दिवस जातात.

एवढं झाल्यावर स्कॅनिंग. इथे आकड्यांचा विचार करावा लागतो. इंचाला चारशे ठिपके या दराने स्कॅन केलं तर एक ठिपका कागदावर ०.०६ मिलिमीटरच्या थोडा वर येतो. १:४८ प्रमाणात तो प्रत्यक्ष जहाजावर तीन मिलिमीटर. पण ड्राफ्ट्समनच्या पेनाची बारीकशी रेघही ०.२ मिलिमीटरची धरली तर जहाजावर ती जवळपास एक सेंटिमीटर रुंद होते. म्हणजे याहून सूक्ष्म स्कॅनने जहाजाविषयी नवं काही कळणार नाही; जे कळेल ते रेघ ओढणाऱ्या हाताविषयी. त्यालाही मोल आहे, पण खर्च करण्याआधी आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवलेलं बरं. ९५ बाय ६० सेंटिमीटरची एक रंगीत शीट या दराने, काहीही न दाबता साठवली तर सुमारे ४२० मेगाबाइट होते. अशा दहा लाख शीटांना चारशे टेराबाइटच्या वर जागा लागेल. विसाव्या शतकातल्या युद्धनौकांची शीटं तर कित्येकदा काही मीटर लांब असतात.

मोठा धोका दुसरीकडेच आहे. कागद आखडतो आणि उभ्या-आडव्या दिशेने सारखा आखडत नाही. मीटरभर शीटमध्ये दोन मिलिमीटरचा फरक पडला तर जहाजावर तो जवळपास दहा सेंटिमीटर होतो. स्कॅनवरून थेट मापं घेऊन जहाजाची प्रतिकृती संगणकावर काढणारा इथेच फसतो. म्हणून शीटवर मूळ काढलेली मोजपट्टी, चौकटीचे कोपरे आणि समान अंतरावरच्या उभ्या रेषा स्कॅनमध्ये पूर्ण आल्याच पाहिजेत. शेजारी आजची प्रमाणित पट्टी आणि रंगांचा तक्ताही हवा. त्यांच्यावरून कागद कुठे किती सरकला ते ताडता येतं. कागद रोलरमधून ओढणारे स्कॅनर वेगवान असतात, पण कडा चिरलेल्या शीटसाठी मला ते मान्य नाहीत. शीट टेबलावर स्थिर ठेवून वरून कॅमेऱ्याने घेतलेलं चित्र सावकाश मिळतं, पण कागद शाबूत राहतो.

काही खुणा नुसत्या समोरून घेतलेल्या चित्रात दिसतच नाहीत. जुन्या काळी नक्कल करताना मूळ शीट कोऱ्या कागदावर ठेवून महत्त्वाच्या बिंदूंवर सुईने टोचत आणि खालच्या कागदावर उमटलेली भोकं रेषांनी जोडत. ही भोकं आजही शीटांमध्ये आहेत. एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला की ती दिसू लागतात आणि कळतं की या शीटवरून नकला निघाल्या. सरळ प्रकाशाच्या स्कॅनमध्ये ती पुसली जातात. शीटच्या पाठीवरचे शिक्के, गोदीचं नाव, कुणाला पाठवली याची नोंद, हेही पाठ स्कॅन न केल्यास हरवतं.

रंगांचं तसंच. ब्रिटिश नौदलात जहाज पुरं झाल्यावर प्रत्यक्षात ते जसं बनलं तसं ड्रॉइंग वेगळं काढत. पुढच्या दुरुस्त्या त्याच शीटवर निराळ्या रंगाच्या शाईने, तारखेसह टिपत. त्यामुळे एकाच कागदावर जहाजाच्या वीस वर्षांचा इतिहास थरांनी साचलेला असतो. विसाव्या शतकाच्या मध्यात बऱ्याच कचेऱ्यांनी जागा वाचवायला ड्रॉइंगांची काळीपांढरी मायक्रोफिल्म काढली, छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या खिडकीत ती बसवली आणि मूळ कागद टाकून दिले. हिरवी, तांबडी, निळी शाई फिल्मवर सारखीच काळी झाली. जहाज आधी कसं होतं आणि नंतर काय बदललं, हा भेद त्या दिवशी कायमचा संपला. म्हणून स्कॅन झाला की मूळ कागदाची गरज संपली, हा विचार मला धोक्याचा वाटतो. आज आपण कशाला निरुपयोगी समजतो आहोत, ते आजच्या नकलेत उतरत नाही.

संगणकातली फाइलही अमर नसते. तिच्यातले बिट चुपचाप बदलू शकतात, म्हणून प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारा एक आकडा, काढून ठेवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजून पाहतात. प्रती निदान तीन, वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. फाइलीच्या नावात आणि सोबतच्या नोंदीत जहाजाचं नाव, वर्ग, ड्रॉइंग क्रमांक, तारीख, प्रमाण, मूळ वस्तू ट्रेसिंग की प्रिंट, हे सगळं हवं. नोंद नसलेला स्कॅन सुरक्षित असूनही सापडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं एक उत्तर बोस्टनच्या बंदरात आहे. ‘जावा’ला जाळणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ तिथे आजही पाण्यावर आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिचा कणा फुटाहून जास्त वाकला होता. मधला भाग वर आणि दोन्ही टोकं खाली. तिचे आरेखक जोशुआ हम्फ्रीज यांनी तळात तिरप्या तुळया सांगितल्या होत्या, नेमका हा बाक रोखण्यासाठी. मधल्या कुठल्याशा दुरुस्तीत त्या काढल्या गेल्या होत्या. १९९२ ते १९९५ च्या दुरुस्तीत हम्फ्रीज यांच्या मूळ तपशिलांच्या आधाराने त्या पुन्हा बसवल्या. १८८१ नंतर शिडांवर न गेलेलं ते जहाज जुलै १९९७ मध्ये स्वतःच्या शिडांवर समुद्रात गेलं. दोनशे वर्षांपूर्वीचं टिपण लाकूड होऊन परत जागेवर बसलं, याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

‘ट्रिंकोमाली’ने वेगळा प्रश्न उभा केला. १८४० च्या दशकात तिच्या तोफा कमी केल्या गेल्या, मागचा चौकोनी भाग बदलून गोलाकार केला गेला. नंतर ती भंगारात जाता जाता वाचली, ‘फुद्रोयां’ हे नाव घेऊन कित्येक दशकं मुलांना दर्यावर्दी शिक्षण देत राहिली, १९८७ साली हार्टलपूलला आली आणि तिथली दुरुस्ती २००१ पर्यंत चालली. आता पूर्ववत करायचं म्हणजे कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे? १८१२ चा आराखडा एक जहाज दाखवतो, नंतरच्या बदलांचं ड्रॉइंग दुसरं. लाकडाने कौल दिला. गोलाकार मागचा भाग शाबूत होता, तोच राखला आणि जहाज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या रूपात ठेवलं. तो निर्णय विचारपूर्वक घेता आला, कारण दोन्ही काळांची कागदपत्रं समोर होती.

मुंबईत १९७८ साली नौदल अधिकारी मनोहर प्रल्हाद आवटी यांच्या पुढाकाराने मेरिटाइम हिस्टरी सोसायटी उभी राहिली आणि सागरी इतिहासाचा विचार इथे गांभीर्याने सुरू झाला. त्याच मुंबईत माझगाव डॉकने ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाच्या आराखड्यांवरून ‘निलगिरी’ बांधली. ती १९७२ मध्ये नौदलात आली. पुढे त्याच रचनेला वाढवत, बदलत भारतीय आरेखकांनी ‘गोदावरी’ घडवली, जी १९८३ मध्ये सेवेत दाखल झाली. परक्या आराखड्यापासून स्वतःच्या आराखड्यापर्यंतचा हा प्रवास ट्रेसिंगांवर आणि अमोनिया प्रिंटांवर झाला. अशा ड्रॉइंगांवर संक्षिप्त अक्षरं, खुणा, बदलांचे क्रमांक असतात. त्यांचा अर्थ ज्यांनी काढली त्यांनाच नीट माहीत असतो. ती माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. स्कॅनरची खरेदी पुढच्या वर्षी झाली तरी चालेल. त्याआधी या निवृत्त ड्राफ्ट्समनांना बोलावून, शीट समोर पसरून, कुठली खूण कशाची आणि कुठला बदल का केला हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यायला हवं.